तिसरी खेप

धाकटा रस्ता ओलांडताना दिसला, तसा थोरला झटकन काउंटरखाली बसला. चष्म्याच्या दुकानात हरवायला स्क्रूइतकी सोयीची वस्तू नाही.

"वहिनी, दादा आहे का?"

"आहेत की. काउंटरखाली. स्क्रू शोधताहेत, तुम्ही दिसल्यापासून."

धाकट्याने स्टूल ओढलं आणि तो काउंटरच्या फळीशीच बोलू लागला. उद्या सूर्य मावळला की योम किप्पूर, क्षमेचा दिवस. देवाशी केलेले अपराध देव माफ करतो. माणसाशी केलेले मात्र त्या माणसाच्या दारात जाऊन निस्तरावे लागतात, अशी ज्यू धर्माची शिकवण. धाकट्याने आधी फोनवर जोडलेल्या हातांचं चित्र पाठवून पाहिलं. तेच चित्र चाळीस जणांच्या ग्रुपवर गेलेलं पाहून वहिनीने ते बाद ठरवलं. मग तो दोनदा जातीने येऊन नकार घेऊन गेला.

अपराध गेल्या वर्षीचा. स्वतःच्या मुलीच्या लग्नात धाकट्याच्या हाती माईक आला आणि तो म्हणाला, "पोरीने मुलगा पसंत केला तेव्हा डोळ्यांवर आमच्या दादाने केलेला चष्मा होता!" सगळा हॉल हसला, नवरदेवसुद्धा हसला. थोरला हसला नाही. चारचौघांत कुणाचा चेहरा उतरवणं म्हणजे रक्त सांडणं, हे पूर्वजांचं वचन त्याने तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलं.

"दादा, ही तिसरी खेप. धर्माप्रमाणे माफी तीनदाच मागायची. आता नाही म्हणालास तर मी सुटलो. पाप तुझ्या डोक्यावर."

"ठाऊक आहे," फळी म्हणाली. "म्हणून तर म्हणतो, विचारू नकोस."

"मग हो म्हण ना!"

मग थोरला गुडघ्यावर हात टेकून उठला.

"या महिन्यात तीनदा आलास. लग्नाच्या आधी कधी आला होतास?"

"पत्रिका द्यायला..."

"ती फोनवर आली होती."

वहिनी लखलखीत आरसा पुसू लागली.

थोरल्याने हात लांबवून धाकट्याच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला. "दांडी सैल आहे. परवा दुकान बंद. तेरवा मिळेल."

"अहो, दोन मिनिटांचं काम ते," वहिनी म्हणाली.

"दोन दिवसांचं आहे."

"आणि मी प्रार्थना कशी वाचू?" धाकट्याने विचारलं.

"सिनेगॉगमध्ये माझ्या शेजारी बस. मी वाचीन, तू मागून म्हण. वेळेवर ये, मी जागा धरून ठेवणार नाही."

धाकटा चाचपडत निघाला आणि पायरीवर अडखळला. थोरल्याने पुढे होऊन त्याचं कोपर धरलं. दोघं रस्ता ओलांडू लागले.

वहिनी दारातून पाहत राहिली. पलीकडे पोचूनही कोपर सुटलं नव्हतं. भांडण मात्र सुरू झालेलं दिसत होतं. धाकट्याच्या मागच्या खिशातून दुसऱ्या चष्म्याची डबी डोकावत होती.

तिने हाक मारली नाही. दार लोटून घेतलं.