ब्याऐंशी किलो आणि एक तांबडं फडकं

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. जुनी म्हणालात तर मला राग नाही. भंगार म्हणालात तर मात्र किक मारताना नडगी सांभाळा. लोकांना वजन विचारलं की ते विषय बदलतात, मी आपणहून सांगते. ब्याऐंशी किलो. एवढ्याशा अंगात एवढा दम असलेली दुसरी गाडी शोधून आणा, मी हेडलाइट खाली घालून उभी राहीन.

पण मी जन्मापासून अशी चवळीची शेंग नव्हते. कारखान्यातून निघाले तेव्हा एकशे पंधरा किलोंची होते. जाड लोखंडी मडगार्ड, लांबलचक सीट, दोन्ही बाजूंना डबे, असा सगळा थाट. माझे मालक दगडाच्या खाणीवर ड्रिलला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर चालवत. बावीस वर्षं रोज सकाळी आम्ही दोघं खाणीचा रस्ता चढलो. शेवटचं वळण असं उभं की बाकीचे लोक उतरून गाड्या ढकलायचे. आम्ही मात्र फटफट करत थेट वर. लोक म्हणायचे, "गाडी असावी तर अशी." हे ऐकून मी आणखी थोडा धूर सोडायचे.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते, पुढे लागेल. मी टू-स्ट्रोक. माझ्या इंजिनाचं तेल पेट्रोलमध्येच मापाने मिसळून द्यावं लागतं. नुसतं पेट्रोल पाजलंत तर पिस्टन कोरडा पडतो, तापतो आणि जागच्या जागी जाम होतो.

पुढे खाण बंद पडली. मालकांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतर पहिल्यांदा मला घेऊन निघाले, तर दारातच गुडघ्याने दगा दिला आणि मी त्यांच्या अंगावर पडले. मालकीणबाईंनी त्याच दिवशी मला जिन्याखाली ढकललं. "आता ही इथून हलायची नाही," त्या म्हणाल्या. बारा वर्षं हलले नाही. माझ्या हँडलला छत्र्या लटकल्या, सीटवर कांद्याची टोपली आली. बारा वर्षांत कुणी साधं चाकसुद्धा फिरवून पाहिलं नाही. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मग एक दिवस बातमी आली की येत्या एक तारखेपासून खाणीच्या टेकडीला कुंपण पडणार आणि रस्ता कायमचा बंद होणार. मालक दोन दिवस दारात उभे राहून टेकडीकडे बघत होते. तिसऱ्या दिवशी लेकीला म्हणाले, "एकदा वर जाऊन यायचंय."

लेक म्हणाली, "त्यात काय बाबा? माझ्या गाडीवर मागे बसा, आत्ता जाऊ."

"मागे बसून जायचं असतं तर कधीच गेलो असतो."

लेक म्हणजे साधीसुधी बाई नव्हे. गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवायचं तिचं स्वतःचं वेल्डिंगचं दुकान आहे. तिने जिन्याखाली वाकून माझ्याकडे पाहिलं, मग बाबांच्या गुडघ्याकडे पाहिलं. "ही हलकी झाली पाहिजे," ती म्हणाली. "थांबल्यावर तुमच्या एका पायावर तोलली पाहिजे. आणि ते वळण चढण्याइतका दमही हवा."

आमच्याकडे पैशांची चणचण, पण हात कामाचे. मडगार्ड गेले, डबे गेले, कॅरियर गेलं. मागची सीट कापली, पुढे एक वीतभर गादी राहिली. जिथे जाड पट्टी होती तिथे तिने भोकं पाडून ती चाळणीसारखी केली. एका मेकॅनिकच्या दुकानाचं शटर दुरुस्त करून दिलं आणि बदल्यात इंजिनाला पेट्रोल आणि हवा पाजणारा मोठा कार्ब्युरेटर घेतला. सगळ्यात मोठी करामत सायलेन्सरची. टू-स्ट्रोकचा निम्मा जोर सायलेन्सरच्या आकारात असतो. तिने पत्रा कापला, त्याची नरसाळी वळली आणि एकाला एक जोडून मधे फुगीर, दोन्हीकडे निमुळता असा सायलेन्सर बनवला. पहिल्यांदा सुरू झाले तेव्हा माझा आवाज ऐकून मीच दचकले.

वजन करायला मला भंगारवाल्याच्या काट्यावर नेलं. तो म्हणाला, "ब्याऐंशी. काय भावाने देणार?" लेक म्हणाली, "हिला नाही द्यायचं. तुम्हालाच स्वतःला विकायचं असेल तर सांगा, ही घ्यायचा विचार करेल." मला ही मुलगी फार आवडते.

आमच्या घरात एक जुना नियम होता, तो पुन्हा सुरू झाला. पेट्रोलचे दोन सारखेच डबे, एक साधा आणि एक माझ्यासाठी तेल मिसळलेला. ज्याने तेल मिसळलं त्याने त्या डब्याच्या गळ्यात तांबडं फडकं बांधायचं. फडकं दिसलं की कुणी डब्यात डोकावून पाहत नसे.

आता मालकीणबाईंचं सांगते. त्यांना हे सगळं मनापासून नापसंत होतं. "एकदा पडलात तेवढं पुरे नाही झालं का?" असं त्या रोज म्हणायच्या. पण मालक पुन्हा शीळ घालायला लागले होते, ते त्यांच्या कानांवर पडल्याशिवाय कसं राहील? आधी टेकडीच्या पायथ्यापर्यंत चाचणी घ्यायचं ठरलं होतं, तिच्या आदल्या दिवशी त्यांनी आपणहून जिन्याखाली झाडलं. ते तेलकट, कळकट फडकं त्यांना बघवेना. सोडलं, साबण लावून धुतलं, माझ्याच हँडलवर वाळत घातलं आणि संध्याकाळी छान गाठ मारून बांधून टाकलं. दुसऱ्या डब्याला.

मी सगळं पाहत होते. पण मित्रांनो, मला तोंड कुठे आहे?

सकाळी मालकांनी फडकं पाहिलं, सोडून खिशात ठेवलं आणि तो डबा माझ्या टाकीत रिकामा केला. पहिल्या घोटालाच मला कळलं. तरी मी निघाले, जमेल तितकं निभावलं. टेकडीच्या पायथ्याची चढण अर्धी झाली आणि पिस्टन जाम झाला. मागचं चाक जागीच अडकलं. मालकांनी डोळ्याचं पातं लवायच्या आत क्लच दाबला, डावा पाय टेकला आणि मला तोलून धरलं. आम्ही पडलो नाही. तेवढ्यातही मला स्वतःच्या वजनाचा अभिमान वाटला.

घरी येऊन लेकीने उरलेला डबा उघडला. तेल त्यात होतं. मालकांनी खिशातलं फडकं काढून पाहिलं. "मला तर मी ओतलेल्या डब्याला दिसलं होतं," ते हळूच म्हणाले. "नसणार. गुडघा गेला होता, आता डोकंही गेलं. राहू दे पोरी. ज्याला डबा ओळखता येत नाही त्याने गाडीवर बसू नये."

एक तारखेला आठ दिवस राहिले होते. लेक समजावून थकली. मालक खुर्चीत बसून राहिले, शीळ बंद.

मालकीणबाई दोन दिवस नेहमीसारख्या स्वयंपाकघरात वावरत होत्या. त्यांना हवं होतं ते आयतंच झालं होतं. गाडी बंद, नवरा घरात. त्या एकदा जिन्याखाली आल्या, हँडलवर जिथे फडकं वाळलं होतं तिथे हात ठेवून उभ्या राहिल्या आणि गेल्या. तिसऱ्या दिवशी चहाचे कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "अहो, तुमचं डोकं जागेवर आहे. ते फडकं मी धुतलं होतं. बांधताना डबा चुकला."

मालकांनी कप खाली ठेवला. मग मालक म्हणाले, "धुतलंस? अगं, तेलाचं फडकं कुणी धुतं का?" आणि हसू लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग उठले आणि पाना शोधायला लागले.

माझा सिलिंडर बोअरिंगवाल्याकडे गेला, आतून घासून घेतला आणि एक माप मोठा पिस्टन बसला. म्हणजे माझा दम आणखी वाढला, हे सांगायला नकोच. तीस तारखेला सकाळी तेल मिसळलं ते मालकीणबाईंनी. माप दोनदा तपासलं, फडकं स्वतः बांधलं.

शेवटचं वळण मी कसं चढले ते मी सांगत नाही, लेकीला विचारा, ती मागून गाडीवर येत होती आणि मागेच राहिली. वर पोहोचून मालकांनी इंजिन बंद केलं, डावा पाय टेकला आणि बंद पडलेल्या कॉम्प्रेसरच्या शेडकडे बघत बराच वेळ उभे राहिले. मी त्यांच्या त्या पायावर होते आणि पाय हलला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी जिन्याखाली उभी असेल तर तिचं चाक अधूनमधून फिरवत जा. पेट्रोल ओतण्याआधी डब्यात एकदा डोकावून पाहा. आणि चूक झाली असेल तर दोन दिवसांनी का होईना, सांगून टाका. त्या दिवशी सांगितलं गेलं नसतं तर मी आज काट्यावर असते, आणि मालक खुर्चीत.

परवा मालक लेकीला म्हणाले, "सीट जरा मागे वाढव. तुझ्या आईला भाजीला न्यायचंय." लेकीने पाय ठेवायला दांड्याही लावल्या. माझं वजन आता शहाऐंशी किलो आहे. पण तुम्ही सुरुवातीला सांगितलेलं ब्याऐंशीच लक्षात ठेवा.