छताला टांगायची जर्सी

टूर्ड नेसमनला जिवंतपणी छताला लटकायचं होतं. म्हणजे त्याला स्वतःला नव्हे, त्याच्या जर्सीला. स्वीडनच्या उत्तरेला ग्रानत्रेस्क गावात आइस हॉकीच्या खेळाडूला याहून मोठा मान नाही. त्याच्या नंबराची जर्सी बर्फाच्या हॉलच्या आढ्याला टांगायची आणि तो नंबर पुन्हा कुणाला द्यायचा नाही. त्या वर्षी हॉलला नवं छप्पर झालं होतं आणि गावची पहिलीवहिली जर्सी चढवायचं क्लबनं ठरवलं होतं. एकच.

टूर्डचा नंबर पाच. गावाच्या संघात तो जन्मभर बचावाला खेळला, मधला एक हिवाळा कॅनडात. तिथं तो राखीव खेळाडूंच्या बाकावर इतका बसला की बाकाला त्याचा आकार आला, असं त्याची बायको गुनवोर सांगे. टूर्डचं सांगणं वेगळं. एका अस्वलासारख्या गड्यानं त्याचे पुढचे तीन दात पाडले, त्यानं ते बर्फावरून वेचून हातमोज्यात टाकले आणि मॅच पुरी केली. हे सांगताना तो कवळी काढून टेबलावर ठेवी, म्हणजे पुराव्यापुढे कुणी तोंड उघडू नये. खरं तर ते दात नाताळचं हॅम घेऊन घराच्या गोठलेल्या पायऱ्या चढताना पडले होते. हॅम मात्र त्यानं हातचं सोडलं नव्हतं. शौर्य होतंच, फक्त जागा चुकली.

त्याचं खरं नाव झालं ते एका गोलानं. त्या गोलावर गाव वरच्या लीगमध्ये गेलं. खेळाची रबरी चकती मारली होती त्याच्याच संघातल्या एवाल्ड ब्रेनस्त्रोमनं, आणि ती चालली होती थेट प्रेक्षकांत. वाटेत टूर्डचा पार्श्वभाग आला. तिथं आपटून ती वळली आणि जाळ्यात गेली. शेवटचा स्पर्श ज्याचा, गोल त्याचा, हा नियम. टूर्ड म्हणे, मी मुद्दाम वळलो. एवाल्ड म्हणे, एवढ्या मोठ्या जागेला चुकवायचं तरी कसं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. दर गुरुवारी गावच्या एकाच सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, एकाच बाकाच्या दोन टोकांना बसत आणि वाफेशी बोलत.

आपला मान आपण मागायचा नाही, ही त्या गावची रीत. म्हणून पानगळ सुरू झाल्यापासून टूर्ड रोज हॉलच्या कँटीनमध्ये कॉफी घेऊन बसे आणि छताकडे बघून उसासे टाकी. गळतंय की काय म्हणून दोनदा सुतारही वर चढवून झाला. शेवटी समितीच्या डोक्यात प्रकाश पडला.

समिती घरी आली. गुनवोरनं सात प्रकारची बिस्किटं मांडली, दालचिनीचे बन मांडले. अध्यक्षीण मायलिस पहिल्यांदा नको म्हणाली, दुसऱ्यांदा नको म्हणाली, तिसऱ्यांदा अगदी अर्धाच म्हणाली आणि चार बन खाऊन तिनं तोंड पुसलं. मग मुद्द्यावर आली.

“पाच नंबर वर चढवावा म्हणतोय आम्ही, टूर्ड. तुझं काय?”

टूर्डच्या छातीत बँड वाजायला लागला. पण माणूस रीतीचा.

“छे, छे. माझं कसलं कौतुक. मी आपला मध्ये उभा होतो. एवाल्डला विचारा.”

आणि खाली मान घालून तो दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत बसला.

मायलिस गहिवरली. चिटणिसानं नाक शिंकरलं. याला म्हणतात माणूस, तुझ्या इच्छेचा आम्ही मान राखू, असं म्हणत सगळ्यांनी त्याचा हात हलवला, बूट घातले आणि गेले. बन तीनदा विचारायचा असतो. पण समितीत माणूस एकदा नाही म्हणाला की विषय संपतो. दोन्ही गावच्याच रीती. त्यांची टक्कर झाली तर कुणी बाजूला व्हायचं, हे आजवर कुणी ठरवलं नव्हतं.

“हो म्हणाला असतास तर जीभ झडली असती का?” गुनवोर कप आवरत म्हणाली.

“पहिल्याच झटक्यात? लोक काय म्हणतील?”

“आता काहीच म्हणणार नाहीत. बघ, बरं वाटतं का.”

तो फोनजवळ बसून राहिला. फोन गप्प. गुरुवारी सौनात गेला तर एवाल्ड तिथं पडलेल्या तोंडानं बसलेला. एवाल्डनं तापल्या दगडांवर पाणी ओतलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडे तोंड केलं.

“माझं नाव कशाला सांगितलंस रे?”

“रीत म्हणून. तुला तर मिळाली ना?”

“कसली मिळतेय. मीही रीतच पाळली. टूर्डलाच द्या म्हणालो.”

“मग दुसऱ्यांदा विचारलं?”

“नाव नको काढूस.”

तोडगा सोपा होता. दोघांपैकी एकानं मायलिसला फोन करून दुसऱ्याचं नाव पुन्हा रेटायचं.

“तू कर. गोल टूर्डचाच होता म्हण,” टूर्ड म्हणाला.

“तू कर. चकती एवाल्डनं मारली म्हण.”

आधी उठेल तो हरला, म्हणून कुणी उठेना. उकडलेल्या झिंग्यासारखे लाल झाले, तेव्हा त्यांच्या बायकांनी येऊन दोघांना बर्फात ढकललं. फोन कुणीच केला नाही.

समिती पुन्हा बसली, उठली, बसली. शेवटी सर्वांच्या संमतीनं ठरलं की कुणालाच कमीपणा नको, नंबर नसलेली जर्सी टांगावी. सोहळ्याच्या दिवशी, मॅचच्या आधी, ती कोरी निळी जर्सी बँडच्या तालावर आढ्याला गेली. बर्फावर अंथरलेल्या गालिच्यावर दोघं टोप्या हातात घेऊन उभे होते. मायलिसनं ती जर्सी या दोन थोर खेळाडूंच्या विनयाला अर्पण केली. सगळा हॉल उभा राहिला. टूर्ड हसला, कवळीला हसावंच लागतं.

मग तिनं माईक एवाल्डपुढे धरला, दोन शब्द बोलशील का म्हणून.

“छे, छे, मी काय…” एवाल्डनं सुरुवात केली.

“हो!” टूर्ड म्हणाला, आणि माईक त्याच्या हातात होता.

त्यानं कवळी काढली आणि कॅनडापासून धरलं. बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र त्याला वळसा घालून गेलं. मायलिसनं घड्याळ दाखवलं. पंचांनी विनवण्या केल्या. पण एकदा हो म्हणालेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, याची रीत गावात नव्हती. शेवटी त्याच्यासकट मॅच सुरू झाली. हा गोष्टीत अस्वलासारख्या गड्यापर्यंत पोचला होता, तेवढ्यात गावच्या एका पोराची वाकडी चकती येऊन सणसणीत त्याच्या मागे बसली, वळली आणि जाळ्यात गेली. पंच एकमेकांकडे बघायला लागले.

“मुद्दाम वळला तो!” प्रेक्षकांत जाऊन बसलेला एवाल्ड ओरडला. “मी बघितलंय!”

टूर्डला ऐकूच गेलं नाही. तो बर्फावरून दात वेचत होता.