कोरड्या काचेवरचा वायपर

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. इथल्याच कारखान्यात घडले, इथल्याच खड्ड्यांनी माझी हाडं खिळखिळी केली आणि आता एका बैठ्या घराच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली उभी आहे. माझा रंग एकेकाळी पांढरा होता. आता त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. स्वभावाने मी कुरकुरी आहे आणि एकेकाळी भारी गर्विष्ठ होते. त्या गर्वाबद्दलच तुम्हाला सांगायचं आहे, कारण तो मला अजून स्वस्थ बसू देत नाही.

कारखान्यात ज्या माणसाने माझं स्टिअरिंग बसवलं, त्यानेच पुढे मला विकत घेतलं. तो तिथे फिटर होता. घरात त्याला दादा म्हणत, म्हणून मीही दादाच म्हणते. स्टिअरिंगच्या उजवीकडे इंडिकेटरची दांडी बसवायची आणि डावीकडे वायपरची, एवढंच त्याचं काम. सव्वीस वर्षं त्याने तेच केलं. जेवणाच्या सुट्टीत सोबती त्याच्या डोळ्यांवर रुमाल बांधत आणि तो हसत हसत दोन्ही दांड्या जागच्या जागी बसवून दाखवी. "माझा हात चुकायचा नाही," असं तो म्हणे.

दादाचा धाकटा भाऊ बायको आणि मुलीबरोबर त्याच घराच्या दुसऱ्या अर्ध्या भागात राहायचा. मध्ये फक्त एक भिंत. धाकटा यंत्रं विकणाऱ्या कंपनीत होता, चार देश फिरून आलेला. एक दिवस त्याने इम्पोर्टेड गाडी आणली. गडद निळी, गुळगुळीत, दार लावलं तरी आवाज होऊ नये अशी. ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. मोटारीच्याही पोटात दुखतं, मित्रांनो.

मग रोज सकाळी अंगणात दोघा भावांची जुंपायची.

"बिघडली तर हिचा स्क्रू कुठून आणणार? जहाजाने?" दादा विचारी.

"बिघडली तर ना. तुझ्या गाड्या तर कारखान्यातूनच खोकत बाहेर पडतात."

"हिच्या इंजिनाला नावं ठेवू नकोस. इथलं आहे ते."

"दादा, ते इंजिन खोक्यांत बंद होऊन बाहेरून येतं, हे तूच मला सांगितलं होतंस."

यावर दादा उरलेला चहा एका घोटात संपवायचा. खरं सांगते, माझं इंजिन बाहेरूनच आलेलं होतं. पण भांडणात आपल्या सोयीचं तेवढंच आठवतं. मलाही तेवढंच आठवे.

आधी थट्टा होती ती, पण पुढे कारखान्यात माणसं कमी करायला लागले. तेव्हा दादा एकदा म्हणाला, "तुझ्यासारख्यांच्या हौसेने आमच्या पोटावर पाय येतो." दोन महिने भाऊ भावाशी बोलला नाही. शेवटी एका दुपारी धाकट्यानेच माघार घेतली. निळ्या गाडीची किल्ली दादाच्या हातावर ठेवून म्हणाला, "एकदा चालवून तर बघ. मग पोटभर शिव्या दे." आणि स्वतः मागच्या सीटवर, दादाच्या बरोब्बर पाठीमागे जाऊन बसला. "आज तू ड्रायव्हर आणि मी साहेब."

दोघं हसत फाटकाबाहेर पडले. धाकट्याला मी त्यानंतर पाहिलं नाही.

पुढचं मला दादाने सांगितलं, खूप दिवसांनी, माझ्या स्टिअरिंगवर डोकं टेकून. माणसं गाडीजवळ मन मोकळं करतात, कारण गाडी चुगली करत नाही. कारखान्याच्या रस्त्याला उजवीकडे वळायचं होतं. दादाचा हात सवयीने उजव्या दांडीवर गेला. पण निळ्या गाडीत दांड्या उलट होत्या, इंडिकेटर डावीकडे आणि वायपर उजवीकडे. तिच्या देशातली तीच पद्धत. कडकडीत उन्हात, कोरड्या काचेवर वायपर घरघरत फिरला. धाकटा मागून खो खो हसला. "दादा, पाऊस पडतोय का रे?" दादाने आरशात त्याचं हसू पाहिलं, त्यालाही हसू आलं आणि हसता हसताच त्याने गाडी वळवली. मागून भरधाव पुढे जाणाऱ्या टेम्पोला इंडिकेटर दिसलाच नव्हता. तो मागच्या दारावर आदळला.

दादाचं मनगट मोडलं. धाकटा हॉस्पिटलपर्यंत पोचलाच नाही.

"झालं तरी कसं?" भावजयीने विचारलं तेव्हा दादा म्हणाला, "मी इंडिकेटर दिला होता. लागलाच नाही."

ते वाक्य वाऱ्यासारखं पसरलं. कारखान्यात, गल्लीत, नात्यात सगळे हेच बोलू लागले. एवढा रुबाब त्या इम्पोर्टेड गाडीचा, आणि साधा इंडिकेटर लागत नाही. मोडलेली निळी गाडी भंगारात जाण्याआधी आठवडाभर माझ्या शेजारी उभी होती. एका सकाळी दादा एकटाच तिच्याजवळ आला. पुढच्या दारातून आत वाकून त्याने किल्ली फिरवली आणि प्लास्टरमधल्या हाताने डावी दांडी दाबली. तडकलेल्या काचेआड तिचा उजवा दिवा लागला. टिक टिक, टिक टिक. दादाने वाकून तो दिवा पाहिला. मग त्याने बॅटरीची वायर काढून टाकली.

हे मी पाहिलं. मला बोलता येत नाही हे खरं, पण त्या दिवशी मला बोलायचंही नव्हतं. ती बदनाम झाली याचा मला आनंद झाला होता.

तिला न्यायला माणसं आली तेव्हा दादाने तिचा आतला आरसा काढून घेतला आणि माझा काढून तो मला बसवला. कुणी विचारलं तर सांगे, जुना धुरकट झाला होता. पुढे किल्ली फिरवण्याआधी तो दर वेळी आरशात रिकाम्या सीटचा उजवा कोपरा बघून घ्यायचा. तुम्हाला खोटं वाटेल, पण शेडमध्ये एकटी असताना मला त्या आरशात उन्हातला एक रस्ता दिसे. त्या रस्त्याने मी कधीच गेले नव्हते. आणि कुठून तरी टिकटिक ऐकू येई. माझी बॅटरी तेव्हा चार्जिंगला दुकानात गेलेली असे.

पण आरशापेक्षाही मला भीती वाटे ती भिंतीपलीकडच्या आवाजाची. भावजय कपडे वाळत घालताना गेलेल्या नवऱ्याशी भांडत असे. "मी कानीकपाळी ओरडत होते, इथली घ्या म्हणून. पण हौस मोठी. त्या हौसेपायी आम्हाला उघड्यावर टाकलंत." मुलगी हेच ऐकत मोठी झाली. बाबांच्या फोटोवरची धूळ पुसायचं काम तिचं होतं. एक दिवस तिने ते सोडून दिलं, आणि भावजयीनेही तिला कधी टोकलं नाही. दादा माझं बोनेट उघडून उभा असे आणि सगळं ऐकत असे. एका वाक्यात तो धाकट्याला त्याच्या बायको-मुलीकडे परत देऊ शकला असता. ते वाक्य त्याच्या तोंडून निघालं नाही.

अशी नऊ वर्षं गेली. मुलगी माझ्यावरच गाडी चालवायला शिकली. नोकरी लागल्यावर तिने स्वतःची नवी गाडी घेतली. आईची अट एकच होती, गाडी इथली हवी. गाडी इथलीच होती, अगदी दादाच्या कारखान्यात बनलेली. फक्त दादा निवृत्त झाल्यावर तो कारखाना एका परदेशी कंपनीने घेतला होता आणि दांड्या त्यांच्या पद्धतीने बसवल्या जात होत्या. दादाला याचा पत्ता नव्हता.

"काका, पहिली फेरी तुमच्याबरोबर," मुलगी म्हणाली. "तुम्ही मागे बसा. आज तुम्ही साहेब."

दादा थबकला. पण पोरीचं मन मोडवेना, म्हणून तो तिच्या पाठीमागच्या सीटवर बसला. भावजय दारात येऊन उभी राहिली. गाडी फाटकापाशी गेली. उजवीकडे वळायचं होतं. माझ्यावर शिकलेला तिचा हात उजव्या दांडीवर गेला आणि कोरड्या काचेवर वायपर घरघरला. ती हसली, आरशात बघत म्हणाली, "काका, हे तर उलटंच आहे."

"थांब," दादा म्हणाला. "वळू नकोस. गाडी थांबव."

तो आवाज मी दादाचा म्हणून ओळखला नसता. तिने ब्रेक दाबला. फाटकासमोरून एक ट्रक निघून गेला.

दादा उतरून माझ्यापर्यंत आला आणि बोनेटवर दोन्ही हात टेकून उभा राहिला. भावजय धावत आली. "काय होतंय, दादा? पाणी आणू का?"

"त्या दिवशी असंच झालं," दादा म्हणाला. "असाच वायपर फिरला. इंडिकेटर चांगला होता. मी नंतर लावून पाहिला होता. माझा हात चुकला."

मुलीने नव्या गाडीचं इंजिन बंद केलं. ती उतरून आमच्याजवळ आली.

"नऊ वर्षं मी त्यांना बोल लावतेय," भावजय हळूच म्हणाली.

"हो."

"तुम्हाला ऐकू जात होतं."

"रोज."

तिने माझं मागचं दार उघडलं आणि ती उजव्या कोपऱ्यात बसली. आरशाकडे बघत राहिली. "त्यांच्याच गाडीतला ना हा?" तिने विचारलं. दादाने मान हलवली. "काढून द्या."

दादाने स्क्रू-ड्रायव्हर आणला. डोळे बांधून काम करणारा तो हात एका स्क्रूवरून दहादा घसरला. शेवटी मुलीने स्क्रू-ड्रायव्हर त्याच्या हातून घेतला आणि आरसा काढला. भावजय तो तळहाताने पुसत घरात घेऊन गेली. मुलगी तिच्या मागोमाग गेली. त्या दिवसापासून भिंतीपलीकडचं भांडण थांबलं आहे. दादाशीही तिकडून कुणी बोलत नाही. तो रोज सकाळी अंगणात दोन खुर्च्या मांडतो आणि एकीवर बसतो.

मित्रांनो, देशी गाडी चांगली की परदेशी, हे मला विचारू नका. माझं इंजिन कुठून आलं ते तुम्हाला कळलंच आहे. गाडी कुठलीही असो, तिचं तेल-पाणी बघा, आणि नवी असेल तर रस्त्यावर नेण्याआधी उभ्या गाडीत तिच्या दांड्या ओळखून घ्या. आपला हात चुकला तर त्याच दिवशी तसं सांगा. ज्याला तोंड उघडता येत नाही, त्याच्या माथी आपली चूक मारू नका.

आरसा गेल्यावर टिकटिक थांबली, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. निळ्या गाडीचा पत्रा कधीच वितळला असेल आणि माझ्यात आता तिचं काहीच उरलेलं नाही. तरी दुपारी ऊन चढलं की ती टिकटिक सुरू होते. पूर्वी मी ऐकून न ऐकल्यासारखं करत असे. आता मी तिला सांगते, लागला होता गं, तुझा दिवा लागला होता. मी पाहिला होता.