लोडवर अर्धा तास

"आधी लोड द्या त्याला," मेकॅनिक म्हणाला.

काउंटरमागचा विक्रेता हसला. "काका, लॅपटॉप आहे हा. पंप नाही."

"असू दे. रिकामी फिरताना कुठलीही मोटर गुणीच असते. लग्नाआधीच्या जावयासारखी."

शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या मुलीने ओठ दाबून हसू आवरलं. "दादा, लावाच तुम्ही. नाहीतर ते हलायचे नाहीत इथून."

काउंटरवर दोन लॅपटॉप उघडे होते. एक चंदेरी, सडपातळ, दोन बोटांत उचलावा असा. दुसरा काळा, जाडजूड, मागच्या अंगाला झरोके असलेला, बघताक्षणीच भांडकुदळ वाटणारा. किंमत जवळपास तीच, मेमरी तीच, ग्राफिक्स कार्डाचं नावही अक्षरन्‌अक्षर तेच. मुलीला इमारतींची रचना शिकायला प्रवेश मिळाला होता आणि सोमवारी वर्ग सुरू होणार होते. अख्खी इमारत पडद्यावर गरागरा फिरवणारं त्यांचं सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवर चालत नाही, असं कॉलेजने आधीच कळवलं होतं. त्याला पेलणारे आणि यांच्या ऐपतीत बसणारे, म्हणजे गेमिंगचेच. "शिकायला चाललीय की खेळायला?" असं आईने तीनदा विचारून झालं होतं. यंत्र एकदाच घ्यायचं होतं आणि पाच वर्षं पुरवायचं होतं. चुकलं तर चुकलं.

मुलीने दहा-बारा परीक्षणं पाहिली, वहीत तक्ता आखला, आणि शेवटी वही मिटून म्हणाली, "बाबा, तुम्हीच चला. मशीन तुम्हाला कळतं."

ऐकून बाप सुखावला, आणि धास्तावलाही.

कारण असं होतं. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात त्याची सत्तावीस वर्षं गेली होती. दारात उभा राहून तो सांगायचा, तिसऱ्याचं बेअरिंग गेलंय, पाचव्याची झडप अडकतेय. नवे इंजिनियर मीटर लावून बघत आणि मग त्याच्याकडे बघत. देवाने या माणसाची सगळी विद्या कानात ठेवली होती, आणि आता देवच ती हळूहळू परत मागत होता. उजवा कान जवळपास गेलाच होता. डाव्याने माणसाचं बोलणं कळे, पण यंत्राचे बारीक, वरच्या पट्टीतले आवाज त्यालाही लागत नसत. हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. पंपावर तळवा ठेवून तो दुखणं ओळखायचा. साहेबांना वाटे, अनुभवाचा हात! त्याला एकट्याला माहीत होतं, हात ही कानाची कुबडी आहे. आज ती कुबडी मुलीसमोर निसटली तर?

विक्रेत्याने दोन्हींवर तोच गाड्यांच्या शर्यतीचा खेळ लावला. पडद्याच्या कोपऱ्यात वेगाचा आकडा दिसत होता. चंदेरीवर ब्याऐंशी, काळ्यावर शहात्तर.

"बघा, चंदेरी पुढे."

"पहिल्या मिनिटाला सगळेच पुढे असतात. राहू दे चालू."

पाच मिनिटं गेली, दहा गेली. विक्रेत्याने एक गिऱ्हाईक उरकलं आणि परत आला. काळ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "याची एकच तक्रार येते काका, आवाजाची. तुम्ही मशीनमधले. तुम्हीच सांगा, जास्त वाटतो का?"

"हॉस्टेलच्या खोलीत दुसरी मुलगी असणार आहे ना," मुलगी पुटपुटली. तिचं लक्ष आकड्यांकडे होतं.

मेकॅनिकने जाणकारासारखी मान तिरकी केली. क्षणभर डोळे मिटले. "छे! लोण्यासारखा चाललाय."

विक्रेता बघतच राहिला. पलीकडे मोबाईल निवडणारी बाईसुद्धा वळली. "काका, थट्टा करता का गरिबाची?" विक्रेता म्हणाला. "केस वाळवायचं यंत्र लावल्यासारखा घोंघावतोय की हो!"

'आमच्या पंपघरापुढे हे काहीच नाही' असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. वाक्य ओठांवर आलंही. पण मुलगी आता त्याच्याकडे बघत होती, आणि या खोट्यावर तिची पाच वर्षं उभी राहणार होती. त्याने वाक्य गिळलं.

"मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. "आवाजाचं मला विचारू नका. तू सांग, बाळ."

"आवाज आहे," मुलगी म्हणाली. "पण रात्री मी हळू चालवेन, तेवढी सोय आहे यात. आणि बाबा, माहितीये मला."

"काय माहितीये?"

"कानाचं. दोन वर्षं झाली. आईलाही माहितीये. तुम्ही सांगाल तेव्हा सांगाल, म्हणून गप्प होतो."

मेकॅनिक तिच्याकडे वळला. "मग मला कशाला आणलंस इथं?"

"ऐकायला नाही आणलं. हात लावायला आणलं."

दोन वर्षं छातीवर ठेवून घेतलेलं जातं कुणीतरी सहज उचलून बाजूला ठेवावं, तसं त्याला झालं. त्याने मोठा श्वास घेतला, बाह्या सारल्या, आणि आता कुणापासून काही न लपवता दोन्ही तळवे दोन यंत्रांवर ठेवले.

"हं. हा चंदेरी तापलाय. इथं, बटणांच्या मधोमध. आणि मागून वारा बघा, फुंकर मारल्यासारखा. गरमी आत कोंडलीय." मग काळ्याच्या झरोक्यापाशी हात धरला. "हा बघा कसा बाहेर फेकतोय! हा ओरडतो, पण राबतो. तो गप्प आहे, कारण तो दमलाय."

मुलीने आकडे वाचले. चंदेरी एकोणपन्नास. काळा चौऱ्याहत्तर.

"पण कार्ड तर दोन्हींत एकच आहे," विक्रेता गोंधळला.

"पाटीवर एकच. आमच्याकडेही दोन मोटरींच्या पाट्या सारख्याच असतात. वीज किती ओढतात, ते बघा."

विक्रेत्याने संगणकावर शोधाशोध केली. चंदेरीचं कार्ड साठ वॅटच्या वर जात नव्हतं. काळ्याचं पंचाण्णवपर्यंत जात होतं. त्याने डोकं खाजवलं. "पाच वर्षं विकतोय काका, हे कुणी विचारलंच नाही मला."

"आता तुम्ही विचारा स्वतःला. गिऱ्हाइकाचं भलं होईल."

विक्रेता खोका बांधत होता तेवढ्यात आईचा फोन आला. मुलगी म्हणाली, "घेतला. दोघांतला भांडकुदळ." मग पलीकडचं ऐकून फिस्सकन हसली.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, छान झालं."

"एवढंच? एवढ्याला हसतात होय?"

"म्हणाली, घरात एक होताच, आता जोडी झाली."

मेकॅनिक इतका मोकळा हसला की मोबाईलवाली बाई पुन्हा वळली.

खोका त्याने खांद्यावर घेतला, मुलीला हात लावू दिला नाही. दोघं रस्त्याला लागली. वाहनांचा गलबला होता.

"सोमवारी साहेबांनाही सांगून टाकतो," तो म्हणाला. "पंप ऐकायला दुसरा कुणी तयार करायला हवा. शिकवीन मी."

"आधी कान दाखवायचे! मग साहेब!"

"ओरडू नकोस गं. या बाजूने येतं ऐकू."

"माहितीये," ती साध्या आवाजात म्हणाली.

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की ती त्याच्या डाव्या अंगाला चालते आहे. आजच नाही, बाजारात, दवाखान्यात, प्रवेशाच्या रांगेत, कितीतरी दिवस ती त्याच अंगाला असायची, आणि त्याला वाटायचं, पोरीची सवय असेल. खोका तेवढा त्याने डाव्या खांद्यावरून उचलून उजव्यावर घेतला, म्हणजे मध्ये काही येणार नाही.