पोटावर पाच, पोटात चार

मी एक छागल. तंबूच्या जाड कापडाची शिवलेली, लाकडी बुचाची, खांद्याला लटकवून पाणी न्यायची पिशवी. प्लास्टिकच्या बाटल्या आल्यापासून आमच्या जातीला कुणी ओळखत नाही, म्हणून आधी ओळख करून दिली. बसा निवांत. मी दुकानात जन्मलेली आहे. आलेल्या माणसाला आधी बसवायचं, मग बोलायचं, ही तिथली रीत. पण एक सांगून ठेवते, माझी गोष्ट गोड नाही. मी खोटी आहे. माझ्या पोटावर पाच लिटरचा ठसा आहे आणि आत चारच लिटर मावतात.

लातूरच्या बाजारात शिवप्पाचं ताडपत्र्यांचं दुकान होतं. शाळा तिसरीपर्यंत, पण कापड नुसतं चिमटीत धरून ते किती उन्हाळे टिकेल हे सांगणारा माणूस. लातूर जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. नवे साहेब आले, जीपगाड्या आल्या, आणि पाठोपाठ दुष्काळही आला. जिल्हा सरकारनं दिला अन् गिऱ्हाईक उन्हानं, असं शिवप्पा चहा पाजता पाजता सांगायचा. प्रत्येक जीपला एक छागल लागायची. त्या घाईत त्यानं बेतताना दर नगामागं चार बोटं कापड वाचवलं आणि ठसा मात्र पाचाचाच मारला. शिलाई मारणाऱ्या मलप्पानं हटकलं, तर हसून म्हणाला, "उन्हात पाणी मोजून कोण पितंय?"

बरोबर होतं त्याचं. पिणारा मोजत नाही. मोजणारा वेगळाच असतो, हे ना त्याला ठाऊक होतं, ना मला.

मला घेतलं श्रीपादनं. पाणीटंचाईच्या कामावरचा सरकारी कारकून, घर लातूरचंच. नवा जिल्हा झाला तेव्हा त्याला वाटलं, आता घरचा गरम डबा आणि दोन पावलांवर ऑफिस. झालं उलटंच. लातुरातल्या खुर्च्या भरल्या आणि ह्याची बदली थेट किनवटच्या जंगलात. त्या दिवसापासून त्याचं झाडाझुडपाशी, एस.टी.शी, किनवटच्या माणसांशी, सगळ्यांशीच वाकडं.

शिवप्पानं त्याला बजावलं होतं, नवी छागल रात्रभर भिजत घाला. आणि तिला घाम आला तर येऊ द्या, घामानंच ती पाणी गार करते. श्रीपादला माझा घाम सहन झाला नाही. दुष्काळात थेंब थेंब गळतोय म्हणून त्यानं माझ्या सर्वांगाला जवसाचं तेल चोळलं. मी पाझरायची थांबले. आणि माझ्यातलं पाणी उन्हात चहासारखं तापायला लागलं, वर तेलाचा वास. दोष त्यानं मलाच दिला.

मग बेलखडीचं काम निघालं. बेलखडी म्हणजे किनवटच्या डोंगरातली तीनशे माणसांची वाडी. विहीर आटलेली, दोन दिवसाआड टँकर यायचा. कुणीतरी ऑफिसात सांगितलं, की वाडीच्या वर, दाट जंगलात, निळीचा धबधबा आहे आणि त्याची धार अजून चालू आहे. त्या सालच्या हुकमात होतं, की जवळचा झरा माणशी वीस लिटर देत असेल तर टँकर बंद. श्रीपादनं जाऊन धार मोजायची. वरच्या साहेबांनी जाता जाता त्याला हेही ऐकवलं, की टँकर कमी करून दाखवणाऱ्याचं नाव ते लातूरच्या यादीत घालणार आहेत.

एवढं ऐकल्यावर धार मोजायच्या आधीच ती त्याच्या मनात पुरेशी झाली होती.

वाट दाखवायला नागुबाई आली. पन्नाशीची, काटक, डोक्यावर राकेलचा पाच लिटरचा डबा. रेशनचं राकेल आणायचा डबा, पण राखेनं घासून घासून लख्ख केलेला. दुष्काळात त्याची घागर झालेली. ती काही खुशीनं आली नव्हती. पोलीस पाटलानं पाठवलं म्हणून आली. श्रीपादनं तो चढ पाहिला आणि मोजमापाची सरकारी बादली खालीच ठेवली. छागल आहेच पाच लिटरची, दोन ओझी कशाला?

वाट म्हणजे बोडक्या सागांमधून गेलेली एक रेघ. पाचोळ्यावरून बूट घसरत होते, नागुबाईचे अनवाणी पाय मात्र न थांबता चालले होते. श्रीपाद वाटभर करवादत राहिला. तुम्हा लोकांना फुकटच्या टँकरची सवय लागलीय, असंही तो म्हणाला. नागुबाईनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. अर्ध्या चढावर त्यानं माझ्यातलं पाणी तोंडाला लावलं, दोन घोट घेतले आणि भडभडा ओकला. उरलेलं त्यानं पाचोळ्यावर ओतून दिलं.

नागुबाईनं मला हातात घेऊन हुंगलं. "हिला तेल कोनी पाजलं? घामेजली न्हाई तर गार कशी करंल बिचारी?"

मला बिचारी म्हणणारी ती पहिलीच. तेवढंच सुख, पुढं तेही राहिलं नाही.

तिनं डब्याच्या तळाशी होतं तेवढं पाणी त्याच्यापुढं केलं. त्यानं डब्याकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, आणि नको म्हणाला. का नको, ते तिला सांगावं लागलं नाही. ती ते सगळं पाणी स्वतः प्याली आणि म्हणाली, "ऱ्हायलं. धबधबा काय जात इचारत न्हाई."

दोन तासांनी आम्ही पोचलो. उंच काळा कडा, त्यावर वाळलेलं शेवाळ, आणि मधोमध करंगळीएवढी धार. खाली पाणी साचायला जागा नाही, कातळाच्या भेगेत सगळं गडप. श्रीपाद आधी ओंजळीनं पोटभर प्याला. मग मला धारेखाली धरलं, हातातलं घड्याळ पाहिलं. सत्तर सेकंदांत मी काठोकाठ भरले. त्यानं कागदावर हिशेब मांडला आणि त्याचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा उजळला. पाच लिटर, सत्तर सेकंद. तीनशे माणसांना पुरून उरतं. टँकरची गरज नाही.

नागुबाई कडेला बसून बघत होती. ती उठली, मला उचललं आणि सगळी डब्यात रिकामी केली. डबा भरला नाही. वर चांगली चार बोटं जागा राहिली.

"पाच मला वाचता येतो, सायब. राकेलच्या डब्यानं शिकवला. ह्याच डब्यात रेशन दुकानदार दर म्हैन्याला मापून राकेल घालायचा, ह्याच्यात खोट असती तर त्यानं कवाच फेकून दिला असता. खोट तुमच्या पिशवीत हाय."

माझ्या आयुष्यात शिवप्पाचं बिंग पहिल्यांदा फुटलं ते तिथं, त्या कड्याखाली. श्रीपादनं डबा पाहिला. त्याला कळलं. चार धरले तर पाणी पुरत नाही; टँकर राहतो, लातूर जातं. त्यानं माझ्या पोटावरच्या पाचावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "पिशवीवर पाचाचा ठसा आहे. मी ठसा धरणार."

"धरा," नागुबाई म्हणाली. तिनं मला खांद्याला अडकवलं, डबा डोक्यावर घेतला आणि झाडांत चालती झाली. "ठशाला इचारत इचारत खाली या."

दहा पावलं. वीस पावलं. सगळे साग सारखे, वाट कुठं दिसेना. श्रीपादनं हाक मारली, मग ओरडून हाक मारली. ती थांबली, पण परत आली नाही. तोच धापा टाकत तिच्यापाशी आला, कागदावरचा पाच खोडला, चार लिहिला.

"कागुद तुमच्या खिशात ऱ्हातो. माझ्याजवळ काय? हिच्यावर लिवा."

त्यानं माझ्या पोटावर पेन टेकवला. तेलकट कापडावर शाई चढेना. शेवटी खांद्याच्या पट्ट्याला तेल लागलं नव्हतं, तिथं त्यानं लिहिलं: 'मापून पाहता चार लिटर', खाली सही, तारीख. नागुबाईनं मला परत दिलं नाही. त्यानं मागितलंही नाही.

खाली उतरल्यावर तो पुन्हा लातूरचा झाला. ऑफिसात नव्या कागदावर पाच लिहून त्यानं दिला आणि बेलखडीचा टँकर बंद झाला.

बावीस दिवस. बावीस दिवस वाडीतल्या बाया तो चढ चढल्या. नागुबाईची सून पंचशीला सतराव्या दिवशी भरला डबा घेऊन उतरताना घसरली आणि तिचा उजवा हात मोडला. तेव्हा नागुबाई मला आणि डब्याला घेऊन, आणखी अकरा बाया जमवून, किनवटला मोठ्या साहेबांपुढं गेली. तिनं भाषण केलं नाही. मला पाण्यानं भरलं, त्यांच्या टेबलावर डबा ठेवला, मला डब्यात रिकामी केलं आणि पट्टा त्यांच्यापुढं धरला. साहेबांनी सही पाहिली, राहिलेली चार बोटं पाहिली. पाच दिवसांनी टँकर आला. श्रीपादचं नाव कुठल्या यादीत गेलं ते मला ठाऊक नाही. लातूरच्या यादीत नक्कीच नाही.

तेव्हापासून मी इथंच आहे, नागुबाईच्या घरात, खोटी म्हणून बुद्धाच्या तसबिरीपासून लांबच्या खुंटीवर. पट्ट्यावरची शाई फिकी झालीय, पण वाचता येते. नवा साहेब आला की नागुबाई मला आधी दाखवते, चहा नंतर. माझ्यावर माया कुणाचीच नाही, आणि ती मी मागतही नाही. माझ्यामुळं एक हात वाकडा झालाय.

तुमच्याकडं एकच मागणं आहे. कुणी ठसा दाखवून पाणी पुरतं म्हणालं, तर त्याच्याशी वाद घालू नका. घरचा डबा आणा आणि त्यात ओतून बघा.

उन्हाळ्यात पंचशीला मला शेतावर नेते. तेल कधीच धुऊन गेलंय. मी आता पाझरते, पाणी गार ठेवते. उजवा हात सरळ होत नाही, म्हणून ती मला डाव्या हातानं भरते, आणि बूच लावताना दर वेळी तेच म्हणते,

"चल गं, खोटे."