सात पानं जास्तीची

मास्तरांचं हस्तलिखित माझ्याकडे आलं, तेव्हा ते सात पानांनी जास्त होतं. आमच्या छापखान्यात पुस्तक सोळा पानांच्या फर्म्यात छापतात. दहा फर्मे म्हणजे एकशे साठ पानं, आणि मास्तरांची भरत होती एकशे सदुसष्ट. सात पानांसाठी अकरावा फर्मा चढवायचा, तर नऊ पानं कोरी जाणार. संपादक मी. कात्री माझ्या हातात, आणि ती चालवायला मला फार आवडायचं.

पुस्तक खाडीकाठच्या दलदलीवर होतं. मास्तर बावीस वर्षं तिथे जात होते. त्यांनी घरटी मोजली, गवताच्या जाती टिपल्या. त्यांना होडीतून फिरवणारी नावाडीण प्रत्येक पक्षी आवाजावरून ओळखायची, त्यामुळे पुस्तकातलं निम्मं ज्ञान तिचंच होतं. तिच्यावर आणि दलदलीतल्या एकवीस घरांवर एक प्रकरण होतं, बरोबर सात पानांचं. ते मी उडवलं. उरलेल्या मजकुरात जिथे जिथे ‘आम्ही’ होतं, तिथे ‘मी’ केलं. मास्तर तेव्हा अंथरुणाला खिळले होते. प्रुफं न बघताच गेले. एकटा माणूस आणि अफाट पाणी, असं ते पुस्तक झालं. मी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

लोकांनी पुस्तक डोक्यावर घेतलं. कॉलेजची मुलं त्यातले उतारे फलकांवर लिहून मोर्च्यात चालली. त्यांच्यामागे डॉक्टर आले, गृहिणी आल्या, आणि तिथे बंदर बांधायला निघालेल्या कंपनीला गाशा गुंडाळावा लागला. एका पुस्तकाने दलदल वाचवली, असं जो तो म्हणायचा. मीही म्हणायचो, जरा मोठ्यानेच.

मग दलदल राखीव झाली. आत माणसं नकोत, असा नियम आला. वस्ती पंधरा वर्षांहून जुनी आहे हे सिद्ध झालं, तरच घरं राहणार होती. एकवीस घरांत मिळून एक धड कागद नव्हता. सरकारने पुरावा म्हणून मानलं ते मास्तरांचं पुस्तक.

नावाडीण माझ्या कचेरीत आली ती पुस्तक पदराखाली धरून. तिला वाचता येत नव्हतं. आम्ही यात कुठल्या पानावर आहोत तेवढं दाखवा, म्हणाली. मास्तरांनी होडीत बसून तिला ते प्रकरण तीनदा वाचून दाखवलं होतं. हस्तलिखित माझ्या पाठीमागच्या कपाटात होतं. मी म्हणालो, ती पानं आमच्याकडे आलीच नाहीत, मास्तरांनीच काढली असतील. मेलेल्या माणसावर ढकलणं सोपं असतं.

आंदोलनाच्या वकीलबाईंनी मला आधीच बजावलं होतं. पुस्तकाची काटछाट झाल्याचं बाहेर आलं, तर कंपनी अख्खं पुस्तकच बनावट ठरवेल आणि बंदराचा बेत पुन्हा उभा राहील. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण मला दलदलीची नाही, माझ्या नावाची काळजी होती. नावाडीण गेल्यावर मी ती सात पानं फाडून टाकली. लाज वाटली, पण हात थांबला नाही.

सुनावणीला अधिकाऱ्याने पुस्तक टेबलावर ठेवलं आणि विचारलं, “ज्या माणसाने घरटीसुद्धा मोजली, त्याला घरं दिसली नसती का?”

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. नावाडीण उठली आणि डोळे मिटून बोलायला लागली.

“पाण्याची खोली मी काठीने मोजतो, ती पायाने मोजते. माझी चुकते. तिचं घर या पाण्यात माझ्या वयाहून जुनं आहे.”

ती थांबली नाही. सगळं प्रकरण तिला पाठ होतं. मास्तरांनी जिथे श्वास घेतला असेल, तिथे ती घेत होती. मला शब्दन् शब्द ओळखू येत होता.

अधिकाऱ्याने मला उभं केलं. संपादक तुम्ही, हे लिखाण मास्तरांचं आहे का, असं विचारलं. वकीलबाई माझ्याकडे बघत होत्या.

“नाही,” मी म्हणालो. “ही मास्तरांची भाषा नाही.”

नावाडीण माझ्याकडे वळली. रागावली असती, तर मला बरं वाटलं असतं.

“मग कुणाची, भाऊ?” तिने विचारलं. “मला तर लिहिता येत नाही.”

अधिकाऱ्याने तिला खाली बसायला सांगितलं आणि एकवीस घरं पाडण्याचा हुकूम वाचायला घेतला.