बत्तिसावा तुकडा

काळा मनुका गरम पाण्यात पडला की पहिली काही मिनिटं त्याला काहीच होत नाही. मग देठाकडची सुरकुती सैल पडते आणि तिथून एक तपकिरी धागा पाण्यात उतरू लागतो. मनिषा तो धागा बघत उभी होती. पाणी पुरतं रंगल्यावर तिनं रस गाळला आणि पाव कापायला घेतला.

देगलूरच्या त्या लहानशा चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे; प्रभूच्या आठवणीत प्रत्येकानं पावाचा एक तुकडा आणि घोटभर द्राक्षरस घ्यायचा. मंडळी बत्तीस. तयारी मनिषाकडे. प्रयोगशाळेत पंचवीस वर्षं काढलेल्या हातानं ती एकसारखे तुकडे कापी.

खुर्च्या पुसून केवळाबाई आत आली आणि ताटलीत डोकावली.

“एक कमी हाय.”

“पुरतील, मावशी.”

“पुरतीलच की. अकरा वर्सं बघायले मी. तू ताटली नुसती पुढं सारतीस. इख टाकतीस का काय त्याच्यात, सोता खाईनास ते?”

मनिषानं कापणं थांबवलं. सुरी पावावर तशीच टेकून राहिली.

“माझ्या हातून एक पोरगी मेली, मावशी.”

नांदेडच्या एका दवाखान्यात तिनं बाळंतिणींच्या वॉर्डात रक्तगट तपासायला दोघींचं रक्त काढलं होतं. नावाची चिठ्ठी खाटेपाशीच नळीला लावायची असते. घाईत तिनं दोन्ही नळ्या अ‍ॅप्रनच्या खिशात टाकल्या आणि टेबलापाशी येऊन चिठ्ठ्या लावल्या; त्यांची अदलाबदल झाली. अक्षरा नावाच्या तेवीस वर्षांच्या मुलीला भलत्या गटाचं रक्त चढलं आणि ती गेली. त्या नळ्यांची तपासणी दिलशादनं केली होती. ती कंत्राटी होती; चौकशीत दोष तिच्याच नावावर लागला. ती आपल्या गावी औशाला परत गेली, तिला पुन्हा कुणी लॅबमध्ये उभं केलं नाही. मनिषाला कुणी विचारलं नाही. सांगायचं ती दर वर्षी ठरवी. अक्षरा गेली त्याच वर्षी नोकरी सोडून ती माहेरी देगलूरला आली होती, आणि पहिल्याच रविवारी तिनं ताटली पुढं सारली होती.

यातलं दिलशादचं नाव तिनं आताही घेतलं नाही.

“म्हणून उपास धरलास व्हय,” केवळाबाई म्हणाली.

“धरू नको? पाळकसाहेबांचं काय जातं? या म्हणे, सगळे या, फुकट आहे. असं फुकट कसं असेल?”

“इकत असतं तर मला कवा परवडलं असतं गं?” केवळाबाईनं तिच्या हातातली सुरी काढून घेतली. “आन तू उपाशी राहून जे देतीस ना, ते कुणालाच पोचंना. देवाला तर नकोच हाय ते.”

पावाच्या कडेचा एक वाकडातिकडा तुकडा कापून तिनं ताटलीत टाकला.

उपासना झाली. पाळकांनी नेहमीसारखंच सगळ्यांना बोलावलं, कुणालाही न वगळता. ताटली रांगेतून सरकत आली. मनिषाचा हात सवयीनं ती पुढं ढकलायला उठला, मध्येच थांबला. तिनं तो वाकडा तुकडा उचलला आणि खाल्ला.

पाव होता. कडेचा, चिवट. आत काही हललं नाही. अक्षरा मेलेलीच होती, आणि तिचं बाळ कुठंतरी अकरा वर्षांचं झालं होतं. शेजारच्या बाईनं सुरू केलेलं गाणं मनिषाच्या ओठांवर आलं नाही. ती हात पदराला पुसत राहिली; हात कोरडेच होते. इतकी वर्षं त्या एका न खाल्लेल्या घासाच्या आडोशाला तिला बसता आलं होतं. आता आडोसा नव्हता.

मंडळी चहाला बाहेर पडली. ती आवारातल्या भिंतीशी गेली आणि फोन लावला. हा नंबर तिनं याआधी अनेकदा लावून, पहिल्या घंटीआधीच तोडला होता.

“हॅलो, कोण बोलायलंय?” मागं शिलाई मशीन चालू होती.

“मनिषा. नांदेडच्या लॅबमधली.”

मशीन थांबली.

“ताई? इतक्या सालानं? खैरियत हाय ना?”

मनिषानं भिंतीला हात टेकला.

“दिलशाद, फोन ठेवू नकोस. अक्षराच्या नळीला चुकीची चिठ्ठी मी लावली होती. तू नाही. उद्या नांदेडला जाऊन तसं लिहून देणार आहे मी.”